स्टारड्यू व्हॅलीतलं शेत सजवताना: आधी काय, मग काय

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये शेत सजवायला घेतलं की बहुतेक जण सगळ्यात आधी वाटा घालतात. मग कुंपण, मग फुलं, मग दिवे. दोन सीझन मजेत जातात. पुढे दुसरा बार्न, म्हणजे गुरांचा गोठा, घ्यायची वेळ येते आणि ७ बाय ४ चौकटींची (खेळातली जमीन चौकटींतच मोजतात) सलग मोकळी जागा शेतात कुठेच उरलेली नसते. मग वाट उखडा, कुंपण काढा, अर्धवट वाढलेलं फळझाड तोडा. ऑनलाइन चौघं मिळून खेळत असतील तर हे आणखी चटकन होतं, कारण प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात आपल्या मनाने सजावट सुरू केलेली असते.

क्रम उलटा लागल्यामुळे हे घडतं. जी गोष्ट नंतर हलवता येत नाही ती आधी ठरवायची, आणि जी सहज उचलून दुसरीकडे ठेवता येते ती सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो. आकडे स्टँडर्ड फार्मचे, म्हणजे खेळातल्या नेहमीच्या नकाशाचे आहेत. नकाशा वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: जमीन साफ करण्याआधी सायलो

सजवायचं म्हणून विळा घेऊन सगळं गवत सपासप कापून टाकणं ही पहिली चूक. सायलो, म्हणजे चाऱ्याची कोठी, नसताना कापलेल्या गवताचा चारा होत नाही, ते वाया जातं. सायलोला १०० गोल्ड (खेळातलं चलन), १०० दगड, १० चिकणमाती आणि तांब्याच्या ५ विटा लागतात. एका सायलोत २४० चारा मावतो. आधी तो उभा करा, मगच गवताला हात लावा.

मोठे अडथळेही पाहून घ्या. जाड बुंधा काढायला तांब्याची कुऱ्हाड लागते, आडव्या पडलेल्या ओंडक्याला पोलादाची, आणि मोठ्या खडकाला पोलादाची कुदळ. ही हत्यारं हातात नसतील तर तेवढी जागा आराखड्यात सध्या भरलेली आहे असंच धरा. «काढू नंतर» म्हणून तिच्यावरून वाट आखली की वाट तिथेच अडते.

तण मात्र लगेच उपटा. ते रात्रीतून शेजारच्या चौकटीत पसरतं आणि तिथे लावलेलं नासवतं.

## टप्पा २: कागदावर शेत

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते अख्ख्या कामातला हाच सगळ्यात मोलाचा आहे.

स्टँडर्ड फार्मचा नकाशा ८० बाय ६५ चौकटींचा आहे. शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा मिलिमीटरचा आलेख कागद घ्या. खेळातली एक चौकट म्हणजे कागदावर २ मिलिमीटर धरा. सगळं शेत १६ बाय १३ सेंटिमीटरमध्ये बसतं, एका पानावर, बाजूला टिपणांना जागा ठेवून. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर ऑप्शन्सच्या पानावर स्क्रीनशॉटची सोय आहे. तिने अख्ख्या शेताचं एकच चित्र मिळतं. ते समोर ठेवून पुढच्या गोष्टी पेनने काढा, कारण या जागच्या हलवायच्या नाहीत:

घर. पाण्याची तळी. गुहेचं तोंड. वायव्य कोपऱ्यातली आजोबांची समाधी. आणि बाहेर जायच्या तीन वाटा: पूर्वेला बस स्टॉपकडे, दक्षिणेला जंगलाकडे, उत्तरेला डोंगराकडे.

आता रंगीत कार्डपेपरचे तुकडे कापा. बार्न ७ बाय ४ चौकटींचा, म्हणजे १४ बाय ८ मिलिमीटर. कूप (कोंबड्यांचं खुराडं) ६ बाय ३, शेड ७ बाय ३, सायलो आणि विहीर ३ बाय ३, तबेला ४ बाय २, मासळीचं तळं ५ बाय ५, सोबत्यांसाठीची केबिन ५ बाय ३. बार्न किंवा कूप पुढे मोठं केलं तरी जमिनीवरची जागा तेवढीच राहते, म्हणून तुकडा एकदाच कापायचा. तुकडे नखाएवढे होतात, चिमट्याने सरकवा. आज परवडतं तेवढंच मोजू नका. शेवटी जे जे हवं आहे त्या सगळ्याचे तुकडे कापा: दोन बार्न, दोन कूप, तीन शेड, जे काही असेल ते.

तपासा: सगळे तुकडे मांडून झाल्यावर घराच्या दारापासून बाहेरच्या तिन्ही वाटांपर्यंत पेन्सिलची रेघ कुठेही न अडखळता जाते का? जात नसेल तर अजून काही बिघडलेलं नाही, तुकडे सरकवा.

## टप्पा ३: सोबत खेळणाऱ्यांशी आधी बोलणी

एकटे खेळत असाल तर हा टप्पा सोडून द्या.

एक परळला, एक मुलुंडला, एक दहिसरला, असा गट रविवारी रात्री ऑनलाइन भेटतो तेव्हा कागदाचा फोटो आधी ग्रुपवर टाका आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच वाद मिटवा. खेळ सुरू झाल्यावर वाद घालायला वेळ नसतो. एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो, आणि ऑनलाइन खेळताना एकाने मेनू उघडला म्हणून घड्याळ थांबत नाही.

ज्याच्या मशीनवर खेळ चालतो त्या होस्टच्या ऑप्शन्समध्ये इतरांना इमारती हलवायची मुभा द्यायची की नाही हे ठरवता येतं: अजिबात नाही, फक्त स्वतःच्या, किंवा सगळ्या. आराखडा पक्का होईपर्यंत ती फक्त स्वतःच्या इमारतींपुरती ठेवा. कामंही वाटून घ्या. दगड-लाकूड गोळा करणारे वेगळे आणि मांडणी करणारा एकच. दोघांनी एकाच वेळी एकाच कोपऱ्यात मांडणी केली की रेघा हमखास एका चौकटीने चुकतात.

सावधान: खेळ सेव्ह होतो तो फक्त रात्री, सगळे झोपल्यावर. दिवसाच्या मध्यात होस्टचं नेट गेलं तर त्या दिवसाचं सगळ्यांचंच काम जातं. पावसाळ्यात मुंबईत ब्रॉडबँड कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून ज्याच्या घरी लाइन सगळ्यात भरवशाची आहे त्यालाच होस्ट करा. मोठी मांडणी झाली की खेळातले दुपारचे दोन वाजले असले तरी सरळ झोपायला जा.

## टप्पा ४: फळझाडं आणि इमारती

फळझाड लावलं की हलत नाही. इमारत हलते, तीही फुकट आणि तत्काळ. गावातली सुतारकाम करणारी रॉबिन, तिच्या दुकानात जाऊन सांगितलं की झालं. म्हणून झाडांचा नंबर पहिला.

फळझाडाला वाढायला २८ दिवस लागतात आणि तेवढे दिवस त्याच्या आठही बाजूंच्या चौकटी मोकळ्या हव्यात. इथे सर्रास चूक होते. रोप लावलं, छान दिसावं म्हणून लगेच भोवती दगडी पार केला, आणि झाड वाढतच नाही म्हणून तक्रार. पार हवाच असेल तर झाड पूर्ण वाढल्यावर करा. एका ओळीत झाडं लावताना दोन बुंध्यांमध्ये दोन चौकटी सोडल्या की हिशेब बसतो.

कोकणातल्या वाडीसारखं शेत करायचं असेल, आणि मुंबईत खेळणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात तेच असतं, तर आंबा आणि केळ दोन्ही मिळतात. खेळाच्या १.५ आवृत्तीपासून जिंजर आयलंड या बेटावरचा व्यापारी ७५ शिंपल्यांच्या बदल्यात आंब्याचं रोप देतो आणि ५ ड्रॅगन टूथच्या बदल्यात केळीचं. दोन्हींना शेतावर उन्हाळ्यात फळं येतात. ही रोपं उशिरा हाती येतात, म्हणून त्यांची ३ बाय ३ ची जागा कागदावर आत्ताच राखून ठेवा.

इमारतींबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात घ्या.

पहिली: इमारत जमिनीवर जेवढी जागा घेते त्यापेक्षा ती पडद्यावर उंच दिसते. बार्नच्या मागच्या, म्हणजे उत्तरेकडच्या काही चौकटी छपराआड जातात. तिथे पीक लावलं किंवा पेटी ठेवली की दिसत नाही आणि विसरली जाते. मागच्या पट्ट्यात रोजची कामाची कुठलीच वस्तू ठेवू नका. तिथे साधी रानझाडं उत्तम, आणि छपराच्या वरून डोकावणारी झाडं दिसतातही सुंदर.

दुसरी: दारासमोर निदान दोन चौकटींचा पट्टा मोकळा ठेवा. जनावरं बाहेर येतात, तुम्ही आत जाता, वर घोडाही असतो.

रॉबिनचं दुकान सकाळी ९ ला उघडतं आणि मंगळवारी बंद असतं. हलवाहलवीसाठी आठवड्याचा दुसरा कुठलाही दिवस धरा, आणि एका फेरीत सगळं हलवा.

तपासा: इमारती जागेवर आल्या की एक अख्खा दिवस नेहमीसारखा खेळा. जनावरांना चारा, दूध, अंडी, विक्रीची पेटी. तुमचे पाय आपोआप कुठून जातात ते पाहा आणि तीच रेघ कागदावर काढा. पुढच्या टप्प्यातली वाट याच रेघेवर पडणार आहे.

## टप्पा ५: पिकांचे वाफे

वाफ्याचा आकार स्प्रिंकलर ठरवतो. साधा स्प्रिंकलर फक्त चार बाजूंना पाणी देतो आणि त्याने नीटनेटका चौकोन होत नाही, म्हणून सजावटीच्या शेतात त्याच्यावर मांडणी बसवू नका. क्वालिटी स्प्रिंकलर भोवतीच्या ८ चौकटी भिजवतो, म्हणजे ३ बाय ३ चा वाफा. इरिडियमचा स्प्रिंकलर २४ चौकटी भिजवतो, म्हणजे ५ बाय ५ चा.

मला सगळ्यात जास्त पटलेली मांडणी अशी: ५ बाय ५ चे चार वाफे घ्या आणि त्यांच्यामध्ये ३ चौकटी रुंद वाटांची फुली ठेवा. एकूण १३ बाय १३ चा चौरस होतो. फुलीच्या अगदी मधल्या चौकटीत बुजगावणं उभं करा. साध्या बुजगावण्याची राखण ८ चौकटींच्या त्रिज्येत चालते आणि चारही वाफ्यांचे टोकाचे कोपरे त्यात येतात. एका बुजगावण्यात ९६ रोपं सांभाळली जातात, वाट तीन चौकटी रुंद असल्याने बुजगावण्याच्या दोन्ही बाजूंनी जाता येतं, आणि मधोमध उभं असल्यामुळे तेच त्या चौकाची शोभा होतं. खेळात आठ तऱ्हेची खास बुजगावणी मिळतात, त्यांनाही राखणीची त्रिज्या तेवढीच असते. ती घरात मांडून ठेवण्यापेक्षा अशा चौकांत उभी करा.

इरिडियमचे स्प्रिंकलर अजून नसतील तर ५ बाय ५ ची जागा आखून आत तूर्त ३ बाय ३ चा वाफा करा आणि कडेच्या पट्ट्यात हाताने पाणी घालून फुलं लावा. नंतर नुसता स्प्रिंकलर बदलायचा, मांडणीला धक्का लागत नाही.

## टप्पा ६: वाटा

आता वाट घाला, आधी नाही.

मुख्य वाट ३ चौकटी रुंद, आतल्या २. एका चौकटीच्या वाटेवर घोडा घेऊन वळताना रोज वैताग येतो. समजा वाट ५० चौकटी लांब आहे. तीन रुंदीला १५० तुकडे लागतात आणि फरसबंदीच्या वाटेचा एक तुकडा एका दगडात होतो. बाकीच्या वाटांचा असाच हिशेब कागदावर करून दगड आधी साठवा. अर्ध्यावर दगड संपले की माणूस हाताशी असेल ते लाकूड घालतो, आणि ते ठिगळ मग कायमचं राहतं.

वाटेवर गवत पसरत नाही आणि झाडं उगवत नाहीत. नुसती शोभा म्हणून नव्हे, तर जिथे काहीही उगवू नये असं वाटतं तिथेही फरशी घाला: पेट्यांखाली, यंत्रांच्या ओळीखाली, दारांसमोर. चुकलेला तुकडा कुदळीने काढला की तो परत हातात येतो, म्हणून इथे धीटपणे करून पाहायला हरकत नाही.

किती प्रकार वापरायचे? दोन, फार तर तीन. घरासमोर खळं करायचं असेल तर तिथे गवताची किंवा विटांची फरशी घाला, मुख्य वाटेला दगड, आतल्या पाणंदींना खडी. प्रत्येक कोपऱ्याला वेगळी फरशी घातलेली शेतं मी पुष्कळ पाहिली. डोळा कुठेच ठरत नाही. खळ्याच्या मधोमध एक चौकट सोडून तिथे चहाचं झुडूप लावलं तर दुरून वृंदावनासारखं दिसतं. तुळस खेळात नाही. चहाचं झुडूप मात्र बाराही महिने जागेवर उभं राहतं, आणि गावातल्या कॅरोलाइनशी दोन हृदयांची मैत्री झाली (खेळात मैत्री हृदयांत मोजतात) की त्याची कृती मिळते.

सावधान: कडेला रानझाडं असतील तर ती बी टाकत राहतात. वाट आणि झाडांची रांग यांच्यामध्ये मोकळी माती सोडली की तिथे नवी रोपटी फुटतात. तेवढा पट्टा एकतर फरशीने भरा, नाहीतर आठवड्यातून एकदा साफ करायची तयारी ठेवा.

## टप्पा ७: कुंपण आणि जनावरांची कुरणं

कुंपण झिजतं. हे माहीत नसल्यामुळे लोक अख्ख्या शेताला लाकडी कुंपण घालतात आणि दोन सीझनमध्ये ते ठिकठिकाणी मोडू लागतं. लाकडी कुंपण साधारण ५६ दिवस टिकतं, दगडी कुंपण खेळातल्या एका वर्षाहून थोडं जास्त, म्हणजे ११२ दिवसांच्या पुढे. लोखंडी दोन वर्षांच्या पुढे जातं आणि हार्डवुडचं पाचेक वर्षं.

म्हणून खरं कुंपण फक्त जनावरांच्या कुरणाला घाला, आणि ते दगडी असू द्या. कोकणातल्या गडग्यासारखं दिसतं आणि रोजची डागडुजीही नको. इतर ठिकाणी हद्द दाखवायची असेल तर चहाच्या झुडपांची रांग लावा.

कुरणातलं गवत जनावरं फस्त करतात आणि मग उघडी माती दिसते. यावर एक खात्रीचा उपाय आहे. कुरणाच्या मध्ये काही चौकटींत गवत लावा आणि त्याच चौकटींवर कुंपणाचा खांब किंवा वीजरोधक उभा करा. खांबाखालचं गवत जनावरांना खाता येत नाही, पण ते आजूबाजूला पसरत राहतं. वीजरोधक वापरणं मला जास्त आवडतं, कारण तो कुंपणासारखा झिजत नाही. शिवाय वादळात वीज त्याच्यावर पडली की बॅटरी मिळते, आणि ती पुढच्या टप्प्यात लागणारच आहे.

## टप्पा ८: दिवे, फुलं, बाकी शोभा

रात्री शेतात काही दिसत नाही म्हणून जागोजाग मशाली रोवल्या जातात आणि प्रत्येक मशाल एक चौकट अडवते. मशाल कुंपणाच्या खांबावरही बसते, वेगळी जागा लागत नाही. कुरणाभोवती ती तशीच लावा. वाटांच्या वळणांवर दिव्याचे खांब उभे करा. लाकडी असो की लोखंडी, प्रत्येक खांबाला एक बॅटरी लागते. सरळ वाटेवर खांबांची दाटी नको. वळण, चौक आणि दार एवढीच ठिकाणं पुरे.

फुलांच्या बाबतीत लोक सीझनचा विचार करत नाहीत. ट्युलिप आणि ब्लू जॅझ वसंतात, पॉपी आणि समर स्पँगल उन्हाळ्यात, सूर्यफूल उन्हाळा आणि शरद दोन्हीत, फेअरी रोज फक्त शरदात. सीझन बदलला की जुनं मरतं. फुलांवर सगळी भिस्त ठेवलेलं शेत हिवाळ्यात ओकंबोकं दिसतं. म्हणून फुलं लावायच्या आधी हिवाळ्यात एकदा अख्ख्या शेताचा स्क्रीनशॉट काढा. वाटा, झाडं, गडगे आणि इमारती एवढ्यावरच ते चित्र भरलेलं वाटत असेल तर मांडणी जमली. रिकामी भोकं दिसत असतील तर तिथे कायमची वस्तू हवी आहे, फूल नाही.

फुलांना कामालाही लावता येतं. मधमाश्यांच्या पेटीपासून ५ चौकटींच्या आत फूल असेल तर मध त्या फुलाचा होतो आणि भाव चढतो. फेअरी रोजचा मध सगळ्यात महाग जातो. फूल तोडायचं नाही, नुसतं उभं ठेवायचं. म्हणजे शोभेचा ताटवा आणि उत्पन्न एकाच जागेत. पेट्या ताटव्याच्या मागे, उत्तरेच्या बाजूला ठेवा, म्हणजे फुलं झाकली जात नाहीत.

१.५ पासून घरातलं फर्निचरही शेतात मांडता येतं. फर्निचर कॅटलॉग २ लाख गोल्डचा आहे, पण एकदा घेतला की आतलं सगळं फुकट. घाई करू नका. आधीचे सात टप्पे पुरे झाले असतील तरच तो घ्या, नाहीतर दोन लाखांची बाकं आणि कुंड्या अशा ठिकाणी पडतात जिथे पुढच्या महिन्यात शेड येणार असते.

कशाची कल्पना सुचत नसेल तर एखाद्या रविवारी लोकल पकडून वसईच्या वाड्या पाहून या. विहिरीपासून निघालेला पाट, पाटाच्या कडेने केळी, मध्ये भाजीचे वाफे, वाटेच्या तोंडाशी फुलझाडं. प्रत्येक झाड कुठे लावलंय आणि का, हे तिथे उघड दिसतं. फोटो काढण्यापेक्षा वाटेची रुंदी आणि झाडांमधलं अंतर पाहा. कागदावर उतरवायला तेच उपयोगी पडतं.

## टप्पा ९: वसंताची पहिली तारीख

दरवर्षी वसंताच्या १ तारखेला शेतात दगड, काटक्या आणि तण मोठ्या प्रमाणात उगवलेलं सापडतं. हिवाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात शेतात फेरी मारा आणि जिथे जिथे उघडी माती पडून आहे तिथे फरशी घाला, नाहीतर तो तुकडा साफ करायचं काम कुणाकडे हे ठरवा. गोल्ड क्लॉक असेल तर हा त्रास आणि कुंपणाची झीज दोन्ही थांबतात, पण त्याची किंमत १ कोटी गोल्ड आहे. तोवर गटातल्या प्रत्येकाला एकेक दिशा वाटून द्या, १ तारखेची सकाळ फक्त सफाईला ठेवा, आणि नवं बियाणं दुपारनंतर पेरा.